बायोफ्लॉकच्या टाकीत कोणतं खनिज, किती आणि कधी? आधी बोअरचं पाणी समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याकडे बायोफ्लॉकच्या, म्हणजे पाणी फारसं न बदलता ते जिवाणूंकडून साफ ठेवून मासे वाढवायच्या, ताडपत्रीच्या पाच टाक्या आहेत, प्रत्येकी १० हजार लिटरच्या. गिफ्ट तिलापिया जातीचा मासा दीडशे ग्रॅमच्या आसपास गेला आहे आणि टाकीमागे रोज ३ किलो खाद्य पडतं, ३२ टक्के प्रथिनांचं. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ११०० आहे. सुरुवातीला सामू, म्हणजे पीएच, ८.२ होता, आता ६.६ आला आहे. अमोनिया ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), नायट्राइट १.५. फ्लॉक, म्हणजे पाण्यात तरंगणारे जिवाणूंचे गोळे, पिठासारखा बारीक, तो मोजायच्या कोनमध्ये नीट बसत नाही. मासा खाणं सोडायला लागलाय. दुकानदाराने झिओलाइट, बेंटोनाइट, डोलोमाइट, मिनरल मिक्श्चर आणि मीठ अशी यादी हातात दिली आहे. यातलं काय आणि किती टाकायचं? आणि जाता जाता लिहिलंय की बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलून सामू टिकवायची ताकद, ३५० होती, टाकीतली परवा ४० आली.

भाऊ, तुम्ही जाता जाता जे लिहिलंय तेच तुमचं दुखणं आहे. दुकानदाराच्या यादीत त्यावरचं औषध जवळपास नाहीच.

टाकीत पडलेल्या खाद्याचा हिशोब असा. ३२ टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येतं. तीन किलोला ९० ग्रॅम. १० हजार लिटरमध्ये ते रोजचं ९ पीपीएम होतं. एवढं नत्र कुणीतरी रोज उचलतं म्हणून तर मासा जगतो. आपण टाकीत घालतो त्या गुळावर वाढणारे फ्लॉकचे जिवाणू एक ग्रॅम अमोनिया-नत्र अंगात घेताना ३.५७ ग्रॅम अल्कलिनिटी खातात. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्याच्या दुप्पट, ७.१४ ग्रॅम खातात. टाकी जुनी होत जाते तसे दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढतात आणि आपणही गूळ कमी करत जातो. म्हणजे तुमच्या टाकीत रोज ३२ ते ६४ पीपीएम अल्कलिनिटी खर्च होते आहे. ३५० वरून १०० वर यायला पूर्ण खाद्याला चार ते आठ दिवस पुरतात. सुरुवातीला बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, होती, खाद्य चिमूटभर होतं, म्हणून खर्च दिसला नाही. मासा वाढला, खाद्य वाढलं आणि शिल्लक संपली.

अल्कलिनिटी ५० च्या खाली आणि सामू ७ च्या खाली गेला की नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. मग अमोनिया चढतो. तो चढलेला बघून लोक प्रोबायोटिकची आणखी पाकिटं आणतात, गूळ वाढवतात. गूळ वाढवला की श्वसन वाढतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो, सामू आणखी पडतो. जिवाणू टाकीत भरपूर आहेत, त्यांना काम करायला लागणारं बायकार्बोनेट संपलंय.

इथे एक घोळ आपल्या भागात हमखास होतो. बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो, म्हणजे खनिज भरपूर, असं लोक धरून चालतात. जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अल्कलिनिटी म्हणजे बायकार्बोनेट. बेसाल्टातून आलेल्या आपल्या पाण्यात सुरुवातीला दोन्ही बऱ्यापैकी असतात, म्हणून एकच वाटतात. टाकीत मात्र त्यांचे रस्ते वेगळे होतात. कॅल्शियम जवळपास जागेवर राहतं, बाष्पीभवनाने थोडं वाढतंच. बायकार्बोनेट संपतं. आज तुमच्या टाकीचा जडपणा मोजला तर तो बोअरइतकाच किंवा जास्त निघेल. टीडीएस मीटरही ११०० च्या वर दाखवेल. आणि तरीही अल्कलिनिटी ४० आहे. टीडीएसचा आकडा सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यात कोण आहे आणि कोण नाही हे सांगत नाही. म्हणून ‘मीठ टाकून टीडीएस १५०० करा’ असली पाठ केलेली पद्धत मला पटत नाही. ती मऊ पाण्याच्या प्रदेशातून आलेली आहे. आपल्याकडे कित्येक बोअर मूळचेच हजाराच्या वर असतात.

आता आजचं काम. खाद्य दोन दिवस निम्म्यावर आणा. गूळ दोन दिवस बंद ठेवा. हवा कुठेही कमी करू नका. अल्कलिनिटी ४० वरून १२० वर न्यायची आहे, म्हणजे ८० पीपीएमची भर. १० हजार लिटरला ते ८०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचं होतं. खाण्याचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट, त्याच्या १.६८ पट लागतो, म्हणजे साधारण १,३५० ग्रॅम. हा एका दमात टाकू नका. साडेचारशे ग्रॅमचा एक हप्ता सकाळी, एक संध्याकाळी, एक दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्येक वेळी बादलीभर पाण्यात विरघळवून, हवेच्या दगडांवर सगळीकडे फिरवून ओता. तिसऱ्या हप्त्यानंतर मोजा. मधल्या काळात टाकी स्वतःचा खर्च करतच असते, त्यामुळे आकडा १२० ऐवजी ८०-९० आला तर घाबरू नका, चौथा हप्ता द्या.

चुना का नको, हे नीट समजून घ्या. चुना वाईट म्हणून नव्हे, आज तुमचा अमोनिया ३ आहे म्हणून. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि माशाला मारणारं रूप सामू व तापमानाबरोबर वाढतं. ३० अंश तापमानाला सामू ६.६ असताना त्यातला जेमतेम ०.३ टक्के विषारी असतो. ७.५ ला अडीच टक्के. ८ ला साडेसात टक्के. ८.५ ला वीस टक्के. म्हणजे आज ३ पीपीएम अमोनियातलं विष ०.०१ आहे, म्हणून मासा अजून उभा आहे. संध्याकाळी कुणी घाईने दोन किलो कळीचा चुना विझवून ओतला आणि सामू ८.५ ला गेला, तर तेच ३ पीपीएम ०.६ विष होतं. रात्रीत टाकी पालथी. ‘चुना टाकला आणि सकाळी मासे तरंगले’ अशा तक्रारींत बहुतेक वेळा चुना भेसळीचा नसतो, सामूची उडी मोठी झालेली असते. खाण्याचा सोडा ८.३ च्या पुढे सहसा नेत नाही, म्हणून आणीबाणीत तो बरा. धुण्याचा सोडा मात्र वेगळा पदार्थ आहे, तो सोडियम कार्बोनेट, सामू झपकन वर नेतो. किराणा दुकानात ‘सोडा’ एवढंच म्हणाल तर कुठला हातात पडेल याचा नेम नाही. पुडी नीट वाचून घ्या.

टाकी सावरली, अमोनिया १ च्या खाली आला, की रोजच्या भरपाईला विझवलेला चुना चालतो आणि स्वस्तही पडतो. तुमच्या तीन किलो खाद्याला रोज पाव किलो ते अर्धा किलो विझवलेला चुना लागेल. खाण्याचा सोडाच वापरत राहिलात तर अर्धा ते एक किलो. सुरुवात खालच्या आकड्याने करा आणि दर दोन दिवसांनी अल्कलिनिटी मोजून वर-खाली करा. चुना सकाळी, निवळी न काढता पातळ करून, दोन-तीन भागांत द्या. एका भागाने सामू ०.२ पेक्षा जास्त हलता कामा नये. फ्लॉकच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, चुना तो पिऊन बायकार्बोनेट होतो, त्यामुळे इथे चुन्याचा दुहेरी फायदा आहे. सामू ७.८ च्या वर असेल त्या दिवशी चुन्याला हात लावू नका.

पण याही आधी एक खनिज तुमच्या घरचंच आहे: बोअरचं पाणी. लोक बायोफ्लॉक म्हणजे ‘पाणी न बदलणं’ असं घोकतात आणि ३५० अल्कलिनिटीचं पाणी दाराशी असताना सोड्याची पोती आणतात. तळातला गाळ काढताना रोज ५०० लिटर पाणी गेलं आणि तेवढंच बोअरचं आत आलं, म्हणजे ५ टक्के, तर अल्कलिनिटी रोज ११-१२ पीपीएमने भरून येते. तुमच्या किमान खर्चाचा तिसरा हिस्सा फुकटात निघाला. बोअरचं पाणी थेट मात्र सोडू नका. त्यात ऑक्सिजन नसतो, कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. सिंटेक्सच्या टाकीत रात्रभर हवा देऊन मग सोडा.

गाळाचं पाणी अंबड भागात कुठे जाईल हे सांगायला नको, मोसंबी आहेच. नत्राने भरलेलं पाणी आहे, झाडाला लागूच पडतं. इथेच सोड्याबद्दलची माझी दुसरी अडचण आहे. सोडा आणि मीठ या दोन्हींतून सोडियम येतं. ते काळ्या भारी जमिनीत वर्षानुवर्षं गेलं की जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, वरून पापुद्रा धरतो. म्हणून आठवड्यापुरता सोडा ठीक, वर्षभराची सवय चुन्याची आणि बोअरच्या पाण्याची असावी. मीठ घातलेल्या टाकीचं पाणी बागेला रोज देऊ नका.

उन्हाळ्यात हे गणित फिरतं. एप्रिल-मेमध्ये बोअर आटला की टँकर येतो. टँकरचं पाणी धरणाचं असेल तर अल्कलिनिटी निम्मी असू शकते, दुसऱ्या गावच्या विहिरीचं असेल तर क्षार दुप्पट. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी वापरणाऱ्यांचं वेगळंच. प्लास्टिकच्या अस्तरामुळे त्याला जमिनीचा स्पर्श नसतो, ते मऊ असतं, आणि त्यांच्याकडे सुरुवातीलाच कॅल्शियमही घालावं लागतं. म्हणून शेजाऱ्याच्या टाकीची मात्रा तुम्हाला लागू होईल असं धरू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासता येतं. अल्कलिनिटी, एकूण जडपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड एवढं मागा, आणि एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीच्या सुमारास असं दोनदा करा. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, रिपोर्ट घेऊन तिथल्या शिक्षकांना भेटलात तर बाजारातल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा ते उपयोगाचं ठरेल.

आता दुकानदाराची यादी. झिओलाइटपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त पैसा त्यात जातो.

झिओलाइट हा सच्छिद्र खडक आहे. त्याच्या पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियम बसलेले असतात, ते सोडून तो अमोनियम पकडतो. क्लिनोप्टिलोलाइट ही जात या कामाला चांगली मानतात. रसायनशास्त्र खरं आहे, फसवणूक नाही. फसवणूक मात्रेत आहे. कागदावर एक ग्रॅम चांगला झिओलाइट २८ मिलिग्रॅम नत्र धरू शकतो, पण टाकीतला अमोनिया विरळ असतो आणि जागेसाठी बाकीचे क्षार भांडत असतात. प्रत्यक्षात काही मिलिग्रॅम हाती लागतं. ५ धरू या, तेही उदारपणे. मग १० हजार लिटरला अर्धा किलो टाकलात तर अडीच ग्रॅम नत्र पकडलं, म्हणजे ०.२५ पीपीएम. तुमचा अमोनिया ३ वरून २.७५. तुमच्या टाकीत रोज ९० ग्रॅम नत्र येतं. ते झिओलाइटने उचलायचं तर रोज टाकीमागे १८ किलो लागेल. कोण घालणार?

वर त्याच दिवशी मीठही घातलं तर झिओलाइटचं उरलंसुरलं कामही जातं. हजार लिटरला एक किलो मीठ टाकलं की पाण्यात अमोनियापेक्षा सोडियम शंभरपटीहून जास्त होतं आणि पोकळ्यांच्या दारात गर्दी सोडियमची होते. झिओलाइट भरला की तो रिकामा करायला मिठाचंच पाणी वापरतात, यावरून समजून घ्या. एकाच यादीत झिओलाइट आणि मीठ दोन्ही लिहून देणाऱ्याने दोन्हींचा विचार केलेला नाही.

मग झिओलाइट निरुपयोगी का? तसंही नाही. बोटुकली पिशवीतून लांबून आणायची असेल, पाणी थोडं आणि वेळ सहा-आठ तासांचा, तिथे तो खरंच कामाचा आहे. नवीन टाकीत जिवाणू बसायच्या आधीच्या पहिल्या दोन आठवड्यांत, खाद्य ग्रॅमात मोजायचं असतं तेव्हा, तो मदत करतो. आणि खड्याच्या रूपात जाळीच्या पिशवीत बांधून हवेच्या दगडाशेजारी टांगला, तर त्याच्या खडबडीत अंगावर नायट्रेट करणारे जिवाणू चिकटून बसतात. हा तिसरा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. टाकीमागे तीन-चार किलो खडा, चणाडाळीपेक्षा थोडा मोठा. नव्या टाकीत तो अमोनियासाठी वापरत असाल तर दोन आठवड्यांनी पिशवी काढून ५ टक्के मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, गोड्या पाण्याने धुवा, परत टांगा. जिवाणूंसाठी ठेवला असेल तर मिठाच्या पाण्यात घालू नका, टाकीच्याच पाण्यात खंगाळा. भुकटी टाकाल तर ती गाळात जाते, गाळाबरोबर बाहेर. तेवढ्यापुरता फायदा, पैसे मात्र कायमचे गेले.

गंमत म्हणजे आपण झिओलाइटच्याच मुलखात राहतो. अजिंठ्याच्या रांगांपासून जालन्यापर्यंत विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जे चमकदार गुलाबी, पांढरे स्फटिक निघतात, त्यांत स्टिल्बाइट, ह्युलंडाइट असे झिओलाइट असतात. जगभरातले संग्राहक ते विकत घेतात. ते कुटून टाकीत घालायची कल्पना कुणाला सुचेल म्हणून आधीच सांगतो, घालू नका. अमोनिया पकडण्यात ते क्लिनोप्टिलोलाइटच्या जवळपास येत नाहीत आणि स्फटिक विकून त्याहून जास्त पैसे मिळतील.

बेंटोनाइटबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे, कारण तुमचा फ्लॉक पिठासारखा आहे. फ्लॉक म्हणजे जिवाणू, शेवाळ, खाद्याचा चुरा, विष्ठा यांचा चिकट गोळा. त्याला सुरुवातीला बसायला एक कण लागतो, पुरणपोळीच्या कणकेला तेल लागतं तसा तो घडणीचा भाग आहे. मातीचे बारीक कण ते काम करतात. पाण्यात कॅल्शियम असेल तर मातीचा ऋण भार आणि जिवाणूंचा चिकटपणा यांना कॅल्शियम सांधतं. जड पाण्यात फ्लॉक चांगला बांधला जातो तो यामुळेच, आणि ही गोष्ट आपल्या बोअरच्या बाजूने आहे. टाकीला २०० ग्रॅम, जास्तीत जास्त ५०० ग्रॅम, म्हणजे २० ते ५० पीपीएम. पावडर आधी बादलीत रात्रभर भिजत घाला. बेंटोनाइट फुगतो, कोरडाच फेकलात तर त्याचे लाडू होऊन तळाला बसतात. आठवड्यातून एकदा, तेही फ्लॉक बांधला जाईपर्यंतच. पण आधी अल्कलिनिटी सुधारा. सामू ६.६ ला गेलेल्या टाकीत फ्लॉक विस्कटण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. दहा दिवसांत फ्लॉक आपोआप बांधला गेला तर बेंटोनाइटची पिशवी फोडायचीही गरज नाही.

आपली काळी माती आणि बेंटोनाइट हे एकाच कुळातले, दोघांतही स्मेक्टाइट गटाची फुगणारी चिकणमाती असते. मग रानातली माती का नको, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. रानातल्या मातीबरोबर तणनाशकाचा, कीटकनाशकाचा अंश येतो, शेणखतातले जंतू येतात, चुनखडीचे खडे येतात. कापसाच्या रानातली तर अजिबात नको. टाकीच्या बंदिस्त पाण्यात या गोष्टी विरळ व्हायला जागाच नसते.

मातीचे कण घातले की फ्लॉक जड होतो, हेही लक्षात ठेवा. कोनमध्ये अर्ध्या तासाने वाचलेला आकडा तोच राहील किंवा कमीच दिसेल, पण तरंगणारं वजन वाढलेलं असेल. तिलापियाला कोनचा आकडा २५ ते ५० मिलिलिटर चालतो. त्यात जड फ्लॉक असेल तर हवेचा मारा कमी पडलेल्या कोपऱ्यात तो बसतो, कुजतो, काळा पडतो, सडक्या अंड्याचा वास येतो. आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. हवा अर्धा तास बंद पडली की हलका फ्लॉक परत उचलला जातो, मातीने जड झालेला सगळा उचलला जात नाही. त्यामुळे खनिजं घालणाऱ्याने इन्व्हर्टर आणि तळाचा गाळ काढायचा व्हॉल्व्ह या दोन्हींवर जास्त लक्ष द्यायला हवं.

मीठ. त्याचा खरा उपयोग नायट्राइटच्या विषबाधेत आहे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं, रक्त चॉकलेटी होतं, पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा तोंड वर काढतो. क्लोराइड त्याच दरवाजातून जातं, म्हणून क्लोराइड भरपूर असेल तर नायट्राइटला वाट मिळत नाही. नायट्राइट-नत्राच्या वीस पट क्लोराइड असलं की निर्धास्त. तुमचं नायट्राइट १.५ आहे, म्हणजे ३० पीपीएम क्लोराइड पुरे. ११०० टीडीएसच्या बोअरमध्ये ते बहुधा आधीच याच्या कितीतरी वर असेल. रिपोर्टमध्ये आकडा बघा आणि मिठाचं पोतं दुकानातच राहू द्या. उद्या नायट्राइट १० झालं आणि क्लोराइड १०० च निघालं, तर आणखी १०० पीपीएमला टाकीमागे १,६५० ग्रॅम खडे मीठ लागेल. आयोडीनवालं नको.

डोलोमाइट आणि शेतीचा चुनखडी भुगा ही शेततळ्याच्या तळाला, भरण्याआधी टाकायची खनिजं. सामू ८ च्या आसपास असलेल्या जड पाण्यात ती विरघळतच नाहीत, पांढरा थर होऊन बसतात. सामू ७ च्या खाली गेला की हळूहळू विरघळतात, पण तुमच्या रोजच्या ३२-६४ पीपीएमच्या खर्चाला तो वेग पुरत नाही. जिप्सममधून कॅल्शियम मिळतं, अल्कलिनिटी नाही. तुमच्याकडे कॅल्शियमची ददात नाही.

मिनरल मिक्श्चर. गाई-म्हशींचं असेल तर सरळ परत करा. त्यातला मुख्य भाग फॉस्फेटचा, आणि मासा फॉस्फरस पाण्यातून जवळपास घेत नाही, खाद्यातूनच घेतो. कॅल्शियम तो कल्ल्यांतून घेतो, ते बोअरमध्ये आहे. पाण्यात फॉस्फेट टाकून टाकी फक्त हिरवी होईल. चांगल्या तरंगत्या खाद्यात जस्त, मँगनीज, सेलेनियम असतंच. मत्स्यपालनाचं म्हणून विकलं जाणारं मिश्रण असेल तर पिशवीवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम किती टक्के ते लिहिलेलं असलं पाहिजे. ‘६० पेक्षा जास्त खनिजं’ असं लिहिलेलं आणि टक्के न लिहिलेलं पाकीट विकत घेऊ नये.

पोटॅशियम आपल्या बोअरमध्ये खरोखर कमी असतं, पण तिलापियाला त्याने अडत नाही. गूळ किंवा काकवी घालता त्यातूनही पोटॅशियम जातं. वन्नामेई कोळंबी करणाऱ्याला मात्र तेच सगळ्यात आधी बघावं लागतं. सोडियमच्या तुलनेत पोटॅशियम फार कमी पडलं की कात टाकताना कोळंबी मरते, आणि तिथे म्युरेट ऑफ पोटॅश आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. तुम्ही त्या वाटेला जाणार असाल तर परत विचारा, पण मी आधी तिलापियाचे दोन हंगाम सरळ काढा असंच सांगेन.

आणलेला झिओलाइट खरा आहे का हे घरी कळतं. टाकीचं पाणी एक-एक लिटर दोन बाटल्यांत घ्या. एकीत ५ ग्रॅम झिओलाइट टाका, दुसरीत काही नको. दोन्ही तासभर अधूनमधून हलवा, निवळू द्या, दोन्हींतला अमोनिया किटने मोजा. फरक दिसला नाही तर तुम्ही खडीची भुकटी विकत घेतली आहे. हीच परीक्षा टाकीत मीठ असताना आणि नसताना करून बघा, वर जे लिहिलंय ते डोळ्यांना दिसेल.

स्टोन क्रशरची भुकटी फुकट मिळते म्हणून घालावी का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नको. बेसाल्टातली खनिजं टाकीच्या काळात सुटत नाहीत, त्याला वर्षं लागतात, आणि धारदार कण कल्ल्यांना लागतात.

एक हिशोब टाकी भरण्याच्या वेळचा. ४ मीटर व्यासाच्या टाकीत १ मीटर पाणी म्हणजे साडेबारा हजार लिटर होतं, १० हजार नव्हे. १० हजार ८० सेंटीमीटरला भरतं. तुमच्या टाकीत पट्टी बुडवून बघा. पाणी एक मीटर असेल तर वरच्या सगळ्या मात्रा सव्वापट करा, चुन्याची किंवा सोड्याची रोजची सोडून, कारण ती खाद्यावर ठरते.

पाचही टाक्यांत एकदम सगळं करू नका. सोडा पाचही टाक्यांना द्या, तो थांबवता येणार नाही. अल्कलिनिटी १०० च्या वर टिकली की दोन टाक्यांत भिजवलेला बेंटोनाइट घाला, तीन तशाच ठेवा. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता सामू, एक दिवसाआड अल्कलिनिटी आणि अमोनिया, आठवड्यातून दोनदा नायट्राइट आणि कोन, असं एका वहीत टाकीवार लिहा. खाद्य किती दिलं तेही त्याच ओळीत. पंधरा दिवसांची ती वही आणि बोअरचा रिपोर्ट दोन्ही पाठवा, मग चुन्याची कायमची मात्रा ठरवू.